जुन्या घराचा इतिहास कसा शोधायचा : ट्रंकेतल्या कागदापासून दफ्तरातल्या रुमालापर्यंत

आमच्या आजोळच्या वाड्याबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं होतं : "पेशवाईतला आहे." कुणी बांधला, कधी बांधला, काहीही विचारा, उत्तर तेच. मग एका पावसाळ्यात माडीवरच्या कुजलेल्या फळ्या काढाव्या लागल्या आणि खालची लोखंडी तुळई उघडी पडली. गंज घासल्यावर तिच्यावरची उठावाची इंग्रजी अक्षरं वाचता आली : डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. हा कारखाना १८७०च्या दशकात सुरू झाला आणि त्याच्या तुळया आपल्याकडच्या अनेक जुन्या इमारतींत सापडतात. म्हणजे निदान ती माडी तरी पेशवाईतली नव्हती. खालचं घडीव दगडाचं जोतं मात्र तिच्यापेक्षा पुष्कळ जुनं दिसत होतं. वाडा एकच, पण त्यात किमान दोन काळ एकावर एक बसलेले. मी शोधाला लागलो तो त्या दिवसापासून.

त्या शोधात जे जमलं आणि जे चुकलं, त्यावरून हे लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या घरांपुरतंच लिहितो, कारण कागदांची नावं आणि ठिकाणं प्रांताप्रमाणे बदलतात. वकील नसलेल्या, मोडी न येणाऱ्या माणसालाही यातलं बहुतेक सगळं जमण्यासारखं आहे.

आधी तीन वह्या करा

घराचा इतिहास म्हणताना आपण तीन गोष्टी एकत्र करतो : जागेचा इतिहास, इमारतीचा इतिहास आणि त्यात राहिलेल्या माणसांचा इतिहास. जागा तीनशे वर्षं वापरात असेल, त्यावरची इमारत शंभर वर्षांची असेल आणि तुमचं घराणं तिथे साठ वर्षांपूर्वी आलेलं असेल. तिन्हीसाठी वेगळी वही ठेवा, किंवा एकाच वहीचे तीन भाग करा. प्रत्येक नोंदीसमोर ती कुठून मिळाली तेही लिहा : कागद पाहिला, कुणी सांगितलं, की आपला अंदाज. हे शिस्तीचं काम कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी "हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?" असा प्रश्न पडतो तेव्हा वहीचाच आधार असतो.

आणि शोध नेहमी आजपासून मागे न्या. शिवकाळापासून पुढे यायला निघालात तर वाटेत कुठेतरी आडनाव जुळतं म्हणून दुसऱ्याच घराण्याचा इतिहास आपल्या घराला चिकटतो.

ट्रंक, फडताळ, कोनाडा

पहिलं दफ्तर घरातच असतं. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्राची नक्कल, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरूंच्या भाडेपावत्या हे सगळं तर पाहाच. पण ज्यांना कुणी कागदपत्र म्हणत नाही तेही बाजूला काढा. जुन्या पोस्टकार्डावर घराचा त्या वेळचा पत्ता आणि टपालाचा शिक्का असतो. लग्नपत्रिकेवर "आमचे राहते घरी" असं लिहून खाली पेठ आणि घर नंबर दिलेला असतो. जन्मपत्रिकेत जन्मस्थळ असतं. आमच्याकडे घराचा जुना नंबर मिळाला तो एका मुंजीच्या पत्रिकेवर, आणि त्याच नंबरावरून पुढे घरपट्टीची नोंद सापडली.

कागद घडीवर फाटतात. म्हणून उघडण्याआधी बंद घडीचा फोटो काढा, मग सावकाश उलगडा आणि पुन्हा फोटो काढा, पाठपोट. पाठीमागे नोंदणीचे शिक्के आणि अनुक्रमांक असतात, पुष्कळदा तेच पुढच्या शोधाची किल्ली ठरतात. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत जातो. कोणता कागद कोणत्या पुडक्यात होता तेही लिहून ठेवा, कारण एकत्र बांधलेल्या कागदांचा सहसा एकमेकांशी संबंध असतो.

माणसांना काय विचारायचं

"घर कधी बांधलं?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "फार जुनं आहे" असंच येतं. त्याऐवजी आठवणीला खुंटी द्या. तुमचं लग्न झालं तेव्हा ही माडी होती का? वीज आली तेव्हा तुम्ही कितवीत होता? चूल कुठे होती? पुण्यातलं घर असेल तर १२ जुलै १९६१च्या पाणशेतच्या पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं? सातारा-सांगलीकडे ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा, आणि बहुतेक ठिकाणी १९७२चा दुष्काळ. "भूकंपाच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं की दहा वर्षांची गडबड एका क्षणात मिटते.

घरात आजही राहणाऱ्यांइतकंच माहेरवाशिणींना विचारा. घरात राहणाऱ्याच्या मनात जुनं रूप नव्या रूपात मिसळून जातं. लग्न होऊन गेलेल्या आत्याच्या मनात मात्र ते घर तिच्या लग्नाच्या तारखेला होतं तसंच राहतं. माझ्या आईच्या आत्यांनी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, खणांसकट मागच्या पडवीचा नकाशा बोटाने सतरंजीवर काढून दाखवला. ती पडवी आज नाही. नंतर मालमत्ता पत्रकाच्या जुन्या नकाशात ती तशीच निघाली.

वंशावळीसाठी आणखी एक जागा आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. त्यात कुठल्या गावचे, कोण कोण आले, बापआजांची नावं काय, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं सापडतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक घराण्यांच्या वंशावळी राखत आले आहेत. यांतून घराचं वय कळत नाही, पण घराणं कोणत्या गावातून आलं हे कळतं, आणि कोणत्या गावचे कागद पाहायचे हे ठरवायला तेवढं पुरतं.

घराला आज कोणता नंबर आहे?

इथे नवशिका माणूस हमखास चुकतो. तो घराचा सातबारा शोधायला जातो. सातबारा शेतजमिनीचा असतो : गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि १२ म्हणजे पिकांची नोंद. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पूर्वीच्या शेतात बिनशेती करून घर बांधलं असेल तरच तो आणि त्यावरचे फेरफार उपयोगी पडतात.

शहरात किंवा नगर भूमापन झालेल्या गावात घराला नगर भूमापन क्रमांक असतो, ज्याला सगळे सिटी सर्व्हे नंबर म्हणतात. त्याचा उतारा म्हणजे मालमत्ता पत्रक, बोलीभाषेत प्रॉपर्टी कार्ड. त्यावर "हक्काचा मूळ धारक" असा रकाना असतो. हा माणूस म्हणजे घर बांधणारा नव्हे. पहिल्या नगर भूमापनाच्या वेळी ज्याचा ताबा आणि हक्क मान्य झाला तो. त्याखाली तारखेनुसार वारस, खरेदी, वाटणी अशा नोंदी येतात आणि "इतर भार"मध्ये गहाणवट दिसते.

मालमत्ता पत्रकावर थांबू नका. भूमी अभिलेख कार्यालयात त्या पहिल्या भूमापनाची चौकशी नोंदवही मागा. ती बहुतेकांना माहीतच नसते, कारण खरेदी-विक्रीला तिची गरज क्वचित पडते. भूमापनाच्या वेळी अधिकाऱ्याने जागेवर येऊन कुणाचा काय हक्क आहे याची चौकशी केली, कुणी कोणता कागद दाखवला, कुणी हरकत घेतली, हे तिच्यात असतं. मला आजोळच्या वाड्याचा पहिला ठोस धागा तिथेच मिळाला. आमच्या पणजोबांच्या वडिलांनी भूमापनाच्या वेळी दाखवलेल्या एका खरेदीखताचं साल तिथे लिहिलेलं होतं. ते खत घरात कुणीही पाहिलेलं नव्हतं. पहिल्या फेरीला कार्यालयात "असं काही नसतं" असं सांगितलं गेलं. दुसऱ्या फेरीला लेखी अर्जात "नगर भूमापन क्रमांक अमुक, चौकशी नोंदवहीचा उतारा" असे नेमके शब्द लिहिले तेव्हा नोंदवही निघाली. सरकारी कार्यालयात वस्तूचं नाव अचूक माहीत असणं हीच अर्धी लढाई आहे.

गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. ती कर आकारणीची नोंदवही. त्यात मालकाचं आणि भोगवटादाराचं नाव, घराचं वर्णन, भिंती मातीच्या की पक्क्या असं काही मिळतं. तो मालकीचा पुरावा नाही, पण जुन्या सालांच्या नोंदी ओळीने पाहिल्या तर "मातीचे घर" कधी "विटा-सिमेंट" झालं ते दिसतं. शहरात हेच काम नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदी करतात. बांधकाम परवानगीची जुनी फाइल शिल्लक असेल तर माहिती अधिकारात मागता येते. अर्जाची फी १० रुपये.

विदर्भातल्या शहरांत नझूल (सरकारी जमीन) शीट क्रमांक आणि प्लॉट नंबर विचारा. मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारत (जिच्यावर दुरुस्तीसाठी सेस घेतला जातो अशी) असेल तर तिच्या वर्गवारीवरूनच काळ कळतो : 'अ' वर्ग १ सप्टेंबर १९४०च्या आधीचा, 'ब' तिथून १९५० अखेरपर्यंतचा, 'क' १९५१ ते सप्टेंबर १९६९चा.

काही भूमी अभिलेख आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे आधी पाहा, फेरी वाचते.

खतं, आणि चतुःसीमेची जादू

आता दुय्यम निबंधक कार्यालय. नोंदणी कायदा १९०८चा, पण दस्त नोंदवण्याची पद्धत त्याआधीपासूनची आहे. नोंदणीच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये स्थावर मालमत्तेचे दस्त असतात, आणि ते व त्याच्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात. मालकाची परवानगी लागत नाही. सूची १ माणसांच्या नावावरून, सूची २ मिळकतीवरून. नाव माहीत असेल आणि साल माहीत नसेल तर सूची १ मधून वर्षामागून वर्ष पाहत जायचं. याला सर्च घेणं म्हणतात. वकिलांच्या हाताखालची मंडळी हे काम रोज करतात, त्यांच्याकडून एक दिवस शिकून घेतलंत तर पुढे स्वतःला जमतं.

खत हातात आलं की लोक नाव, किंमत, तारीख बघतात आणि ठेवून देतात. खरा खजिना शेवटी असतो, चतुःसीमेत. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय. आमच्या हाती आलेल्या एका गहाणखतातली चतुःसीमा अशी होती : पूर्वेस सरकारी बोळ, दक्षिणेस मारुतीचे देवळाची पडीत जागा, पश्चिमेस सोनाराचे घर, उत्तरेस गहाण देणार यांचीच राहती जागा. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. गहाण टाकलेली जागा वेगळी होती आणि राहती जागा तिच्या उत्तरेला होती! म्हणजे आज जो एकच वाडा दिसतो तो तेव्हा दोन तुकडे होता. जोतं आणि माडी वेगळ्या काळातली का, याचा पहिला अर्थ तिथे लागला.

आणि यापुढची पायरी, जी मला फार उशिरा सुचली. तुमच्या घराचा कागद हरवला असेल तर शेजाऱ्याचा शोधा. प्रत्येक शेजाऱ्याच्या खतात एका दिशेला तुमचं घर असतंच, त्या वेळच्या मालकाच्या नावासकट. पश्चिमेकडच्या घराच्या सध्याच्या मालकांनी मोठ्या मनाने आपलं जुनं खरेदीखत दाखवलं. त्यात "पूर्वेस" या शब्दापुढे जे आडनाव होतं ते आमचं नव्हतं. आमच्याआधी तो वाडा कुणाचा होता हे आमच्या एकाही कागदात नव्हतं, ते शेजाऱ्याच्या अर्ध्या ओळीत होतं.

म्हणून चारही बाजूंचे नंबर घ्या, चारही बाजूंची मालमत्ता पत्रकं काढा, आणि एका मोठ्या कागदावर मध्ये आपलं घर ठेवून भोवती सालवार नावं लिहीत जा. देवळाची किंवा मशिदीची जागा शेजारी असेल तर फारच चांगलं. अशा जागा सहसा विकल्या जात नाहीत, त्यामुळे त्या नकाशात खुंटीसारख्या स्थिर राहतात आणि बाकीची घरं त्यांच्यावरून मोजता येतात.

भिंती काय सांगतात

कागद गोळा होत असताना घरही वाचा. इथे एक नियम पक्का धरा : वस्तूवरून "याच्या आधीचं नाही" एवढंच कळतं, आणि तेही त्या वस्तूपुरतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. कौल पालथं करून पाहा, कारखान्याचं नाव छापलेलं असतं. ते छप्पर १८६५ नंतरचं, पण खालचं घर त्याहून जुनं असू शकतं, कारण नळीची कौलं काढून मंगलोरी घालणं सगळीकडे झालं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं १९१२ साली, तेव्हा टाटांचा शिक्का असलेली तुळई त्यानंतरची. नक्षीच्या सिमेंट लाद्यांच्या पाठीवर भारत फ्लोरिंगचं नाव दिसलं तर ती फरशी १९२२ नंतरची.

खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि जुन्या कागदात घराचं माप "पाच खणी", "दुघई" असंच येतं. कागदात पाच खणांचा सोपा असेल आणि आज सात खण दिसत असतील तर दोन नंतर वाढवले. कुठले, हे लाकडाकडे पाहून कळतं : खांबाची घडण, हस्तांची नक्षी, कडीपाटाच्या फळ्यांची रुंदी कुठे बदलते ते बघा. भिंतीत बुजवलेला दरवाजा, जिन्याखालची अर्धी कमान, माळवदावर मध्येच चढवलेली कौलं, या सगळ्या जागा फोटो काढून नकाशावर खुणा करण्याच्या आहेत. गिलावा मात्र आपल्या हौसेसाठी खरवडू नका. चुन्याचा जुना गिलावा एकदा गेला की परत येत नाही.

चौकटीवर किंवा तुळशीवृंदावनावर शके कोरलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. सोबत संवत्सराचं नाव असेल तर पडताळाही घेता येतो : शकात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजून. शिवराज्याभिषेकाचं शके १५९६ घ्या. १२ मिळवले की १६०८, साठाने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर जुळतं. कोरलेला एखादा अंक झिजला असेल तर हे गणित फार कामाला येतं.

मोडी आणि पुराभिलेखागार

इथपर्यंत येऊन एखादं साल, एखादं नाव, एखादं गाव पक्कं हाती असेल तरच पुराभिलेखागारात जा. रिकाम्या हाताने गेलात तर हजारो रुमालांसमोर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांसमोर, उभे राहाल. पुराभिलेख संचालनालय मुंबईला आहे, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे अभिलेखागारं आहेत. घर कुठल्या जुन्या राज्यात होतं त्यावर दार ठरतं : करवीर संस्थानासाठी कोल्हापूर, मराठवाड्यासाठी संभाजीनगर, पेशव्यांच्या दफ्तरासाठी पुणे. मराठवाड्याचे जुने कागद उर्दूत असतात आणि सन फसली असतो, त्यात ५९० मिळवायचे. फसली १३४० म्हणजे १९३०-३१.

पेशवे दफ्तरातला फार मोठा भाग हिशेबाचा आणि महसुलाचा आहे. साध्या राहत्या घराची नोंद त्यात सापडेलच असं नाही. पण घराण्याला इनाम, वतन, वर्षासन असं काही असेल तर १८५२च्या कायद्याने कामाला लागलेल्या इनाम कमिशनचे कागद जरूर विचारा. इनामदारांनी आपला हक्क सिद्ध करायला कैफियती दिल्या, त्यांत वंशावळी आहेत.

मोडी शिकायला वाटतं तितकी अवघड नाही. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. छापील मोडी दोन आठवड्यांत वाचता येते. हातची, बोरूने न थांबता ओढलेली मोडी वाचायला काही महिने लागतात. तोवर जाणकाराकडून वाचून घ्या, पण तारीख वाचायला तरी स्वतः शिका. जुन्या कागदात "सु॥" (म्हणजे सुहूर सन) लिहून पुढे अरबी अंक शब्दांत येतात, एकम आधी : इसन्ने अशर मयातैन व अलफ. इसन्ने २, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. मिळून १२१२. त्यात ५९९ मिळवले की १८११. हा सन मृगापासून बदलतो, म्हणून तो १८११च्या मृगापासून १८१२च्या मृगापर्यंत चालतो. "छ" दिसला तर पुढची तिथी मुसलमानी महिन्याची. असं पहिलं साल स्वतः सोडवलं तेव्हाचा आनंद मी विसरणार नाही.

गावाचं चित्र हवं असेल तर मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर्स वाचा. पुण्याचा खंड १८८५चा, नाशिकचा १८८३चा. तुमचं घर त्यात नसेल, पण त्या काळी गावात घरं कशाची होती, बाजार कुठे भरायचा, हे कळतं.

कागदच नसतील तर

दर वेळी कागद मिळत नाहीत. पुरात वाहून गेले, प्लेगच्या वर्षांत घर सोडून माळावर राहायला गेल्यावर वाळवीने खाल्ले, १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळाले. अशी पोकळी आली तर ती पोकळी म्हणूनच लिहा, कारणासकट. दंतकथा टाकून देऊ नका, पण वेगळ्या रंगाच्या शाईने लिहा. आमच्या "पेशवाईतला आहे" या वाक्यातही तथ्य निघालं. जोत्याच्या जागेबद्दल ते खरं असण्याची दाट शक्यता आहे. माडीबद्दल ते खरं नाही.

एक सावधगिरी. हा शोध सुरू झाला की भाऊबंदांना वाटतं, हिश्शाचं काहीतरी चाललंय. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा, मिळालेली प्रत्येक प्रत सगळ्यांना पाठवा, मूळ कागद एकट्याने नेऊ नका.

आणि काम एका टप्प्यावर आलं की त्या मोठ्या कागदाच्या पाच प्रती काढा, मध्ये तुमचं घर आणि भोवती सालवार शेजारी असलेल्या. एक घरात ठेवा. बाकीच्या चार चतुःसीमेतल्या चार घरी नेऊन द्या. आम्ही दिल्या. पश्चिमेकडच्या काकूंनी ती तिथल्या तिथे चष्मा लावून वाचली, मग आत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यातलं काही कामाचं आहे का बघा बरं."